सगळं शून्यावर

सातपूरच्या कारखान्यांचे कॅटलॉग आम्ही करायचो.
दात्यांची चाकं, व्हॉल्व्ह, लेथ,
एकदा नुसता एक नट, तळहाताएवढा,
त्यानं अख्खा मंगळवार खाल्ला.

क्षेमकल्याणी सरांचा कॅमेरा म्हणजे
एक रूळ, दोन चौकटी, मधे काळा भाता.
लोकांना तो कॅमेरा वाटायचाच नाही.
अंबडच्या वॉचमननं विचारलं,
"जमीन मोजायला आलात?"
सर म्हणाले, "हो. तुमच्या साहेबांची."

पहिलं वर्ष मी फक्त काळं फडकं धरलं
आणि होल्डरमधली धूळ उंटाच्या केसांच्या ब्रशनं झटकली.

भाता फाटला तेव्हा तांबट आळीत नेला.
तिथल्या म्हाताऱ्यानं त्याचा वास घेतला.
"वारा घालत नाही, मग भाता कसला?"
"हा उजेड घालतो," सर म्हणाले.
"मग भोक राहू द्या की!"
तरी त्यानं मेंढीच्या पातळ कातड्याचं ठिगळ लावलं,
पैसे नको म्हणाला,
घंगाळाचा एक फोटो मागितला.

रविवारी, कारखाने बंद असले की, घाटावर.
फडक्याखाली डोकं घालून मी पहिल्यांदा पाहिलं:
काचेवर गोदावरी वर, आभाळ खाली,
दुतोंड्या मारुती पायांनी लोंबकळलेला,
आणि एक बाई उलटी चालत निघाली होती
भरलेला तांब्या घेऊन.
थेंब सांडत नव्हता.

देवळाचं शिखर मागं कलत होतं.
मी कॅमेऱ्याची मान वर करायला गेले,
तर सरांनी हातावर चापट मारली.
"तो मान वर करत नाही. ताठ उभा राहतो.
फक्त भिंग वर सरकव.
रेष सरळ हवी, तर कुणी हलायचं
ते आधी ठरव."

आणि काम संपलं की प्रत्येक खिट्टी जागेवर.
टक्. टक्. टक्. टक्.
"सगळं शून्यावर," ते म्हणायचे,
देव्हाऱ्यातला दिवा शांत करावा तसं, हळू.

पुढं सातपूरला छोटे कॅमेरे आले, मग फोन.
घंगाळाचा फोटो द्यायचा राहूनच गेला.

गेल्या माघात सरांची डावी बाजू गेली.
मी इंदिरानगरला भेटायला गेले, तर उजव्या हातानं
त्यांनी फ्रीजकडं बोट दाखवलं.
मटारच्या पिशवीखाली एक शेवटची शीट,
मुदत संपून अकरा वर्षं झालेली.

खिडकीशी खुर्ची. मी रूळ पुसला,
भाता ताणला. ठिगळ अजून धरून होतं.
भाता लांबला की उजेड पातळ होतो,
म्हणून दोन सेकंदांचे चार.

काचेवर त्यांचा चेहरा उलटा लागला
आणि ओठाची लोंबणारी कड
वर उचललेली दिसली,
हसताना दिसते तशी.
मी फडक्याखाली जरा जास्तच वेळ राहिले.

मग माझा हात मागच्या चौकटीकडं गेला.
थोडी फिरवली असती,
तर ती बाजू काचेवर जराशी आवरली असती.
बायकांचे नाकडोळे असे कितीदा नीट केलेत आम्ही,
न सांगता.

"शू... न्या... वर,"
सर म्हणाले. त्यांना दिसत होतं माझं कोपर.

टक्.

मी केबल दाबली. सवयीनं तेच मोजू लागले,
एक, दोन,
मी "हलू नका" म्हणेपर्यंत
तीन, चार.

रात्री मोरीत, ट्रेमधे, मी बोटांनी शीट उलटीपालटी केली.
सकाळी उजेडाला धरली.

गेलेली बाजू लख्ख आली आहे:
पापणीचा केस न् केस, दाढीचा राहिलेला खुंट,
गालावर नटाच्या आट्यांसारख्या बारीक सुरकुत्या.

चांगली बाजू हलली आहे.
तिथं नुसता धूर आहे
मोजणाऱ्या ओठांचा.